वर्णरेषा आणि जगज्जेतेपद

पेठेतील एखाद्या व्यापाऱ्याने आपल्या दुकानावर ‘आमच्याइतका अस्सल माल या गावात दुसऱ्या कोणाकडे नाही’ अशी पाटी लावावी. शेजारच्या दुकानदाराने ‘चला, तुमचा आणि आमचा माल चौघांदेखत पारखून घेऊ’ असे म्हणावे. आणि त्यावर पहिल्याने ‘तुमच्या जातीच्या माणसाशी आम्ही बरोबरी करीत नसतो’ असे सांगून दुकानाच्या फळ्या लावून घ्याव्या, तर त्या पाटीची किंमत किती, हे आमच्या वाचकांस समजावून सांगण्याचे कारण नाही. परंतु अमेरिकेतील मुष्टियुद्धाच्या बाजारात हाच व्यवहार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९३७ सालापर्यंत, मधली सहा-सात वर्षे वगळता, राजरोस चालला होता. आणि पाटी लावणाराला तेथील लोकांनी लबाड म्हटले नाही. त्याला त्यांनी ‘जगज्जेता’ म्हटले.

हेवीवेट, म्हणजे सर्वांत वजनदार गटातील अजिंक्यपदाची ही हकीकत आहे. काळ्या मल्लाचे आव्हान घेण्यास गोऱ्या विजेत्याने नकार दिला की, तेथील वर्तमानपत्रे ‘अमक्याने वर्णरेषा ओढली’ असे लिहीत. हा शब्दप्रयोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. रेषा ओढणारा एक माणूस असे. कायदा नव्हे, पंच नव्हे, सरकार नव्हे. १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या आणि मार्क्विस ऑफ क्वीन्सबरी यांच्या नावाने चालणाऱ्या नियमांत फेरी तीन मिनिटांची असावी, हातमोजे चांगल्या प्रतीचे असावेत, खाली पडलेल्याने दहा सेकंदांत उठावे, इतक्या बारीकसारीक गोष्टी सांगितल्या आहेत. कातडीच्या रंगाविषयी त्यांत एक अक्षर नाही. आमचा अर्धा जन्म कायद्याच्या पुस्तकांत गेल्यामुळे या गोष्टीकडे आमचे लक्ष विशेष वेधले. लेखी अन्यायाशी भांडता येते. टेक्सास राज्याने गोऱ्या-काळ्यांच्या सामन्यांस कायद्याने बंदी केली होती. एका काळ्या मुष्टियोद्ध्याने तीविरुद्ध दाद मागितली आणि १९५४ साली न्यायालयाने ती बंदी रद्द ठरविली. पण ‘माझी मर्जी नाही’ या उत्तराविरुद्ध फिर्याद कोणत्या कोर्टात लावावयाची? सामना हा एक करार आहे, आणि करार करण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. मर्जी दिसावयास एकट्याची असते. तिच्या पाठीशी वर्तमानपत्रे, सामने भरविणारे, पैजा लावणारे आणि खुर्च्यांचे पैसे मोजणारे असा सारा समाज उभा असतो, आणि त्यांपैकी एकावरही समन्स बजावता येत नाही.

जॉन एल. सुलिव्हन हा बोस्टनचा, आयरिश आईबापांचा मुलगा. १८८२ साली पॅडी रायन यास लोळवून तो विजेता झाला. गुत्त्यात उभे राहून ‘येथे असेल त्या कोणालाही मी आडवा करीन’ अशी गर्जना करणे ही त्याची खोड देशभर कौतुकाची झाली होती. १८९२ साली त्याने वर्तमानपत्रांतून जे जाहीर आव्हान दिले, त्यात जो प्रथम येईल त्याच्याशी प्रथम लढू असे म्हणून लागलीच पुस्ती जोडली की, हे गोऱ्यांपुरते आहे. काळ्याशी मी आजवर लढलो नाही आणि पुढेही लढणार नाही. ही पुस्ती कोणासाठी होती हे त्या काळी सर्वांस ठाऊक होते. ती पीटर जॅक्सन याच्यासाठी होती.

जॅक्सनचा जन्म वेस्ट इंडीजमधील सेंट क्रॉई बेटावरचा. ते बेट तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. लहानपणीच तो ऑस्ट्रेलियास गेला आणि १८८६ साली त्या देशाचा विजेता झाला. त्याच्या ठोशाइतकीच त्याच्या सभ्यपणाची ख्याती होती. २१ मे १८९१ रोजी सान फ्रान्सिस्को येथे त्याची गाठ जेम्स कॉर्बेट या तरुण गोऱ्या मुष्टियोद्ध्याशी पडली. एकसष्ट फेऱ्या झाल्या. तीन मिनिटांची फेरी आणि मधली एकेक मिनिटाची विश्रांती धरली तर ही झुंज चार तासांवर चालली असे होते. शेवटी दोघांच्याही अंगी हात उचलण्याचे त्राण उरले नाही, तेव्हा पंचाने निकाल न देता सामना थांबविला. पुढल्याच वर्षी याच कॉर्बेटने सुलिव्हनला हरवून अजिंक्यपद मिळविले. म्हणजे जगज्जेत्याशी एकसष्ट फेऱ्या लढून न हरलेला माणूस समोर उभा होता, आणि त्याचा हक्क साध्या व्यवहारानेच पहिला लागत होता. कॉर्बेटने सरळ नकार दिला नाही. तो वकिलाच्या वरताण निघाला. सामना अमेरिकेच्या दक्षिणेतच व्हावा, असा त्याने आग्रह धरला. गोऱ्याला मारणाऱ्या काळ्याची दक्षिणेत काय गत होई हे जॅक्सनला पक्के माहीत होते, म्हणून त्याने ते मानले नाही, आणि सामना झाला नाही. जॅक्सनने मग काही दिवस ‘अंकल टॉम’ची भूमिका करीत नाटक मंडळीबरोबर गावे पालथी घातली आणि १९०१ साली क्वीन्सलंडमधील रोमा या गावी क्षयाने देह ठेवला.

दक्षिणेची ही भीती काल्पनिक नव्हती, हे न्यू ऑर्लिन्सच्या एका प्रसंगावरून दिसेल. सप्टेंबर १८९२ मध्ये तेथील ऑलिंपिक क्लबाने तीन दिवस तीन अजिंक्यपदांचे सामने ठेविले होते. मधल्या दिवशी, ता. ६ रोजी, जॉर्ज डिक्सन या लहानखुऱ्या काळ्या विजेत्याने जॅक स्केली या गोऱ्यास आठव्या फेरीत पार निकामी केले. गोऱ्याच्या तोंडातून रक्त गळत आहे आणि राखून ठेवलेल्या जागेत बसलेले काळे प्रेक्षक आनंदाने ओरडत आहेत, हा देखावा शहरातील प्रतिष्ठित मंडळींस सोसला नाही. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांत चर्चा सुरू झाली, आणि क्लबाने गोऱ्या-काळ्यांचे सामने पुन्हा ठेवावयाचे नाहीत असे ठरविले. डिक्सनने नियम मोडला होता काय? नाही. लबाडी केली होती काय? नाही. तो जिंकला होता, एवढेच.

येथे कोणी विचारील की, डिक्सन काळा असून विजेता होता, पुढे १९०२ साली जो गॅन्स हाही हलक्या गटाचा विजेता झाला, मग हेवीवेटवरच एवढा पहारा कां? याचे उत्तर त्या पदाच्या कल्पनेत आहे. सव्वाशे पौंडांचा विजेता हा सव्वाशे पौंडांच्या माणसांत श्रेष्ठ. पण वजनदार गटाच्या वर दुसरा गट नाही. तेथील विजेता म्हणजे दोन पायांवर चालणाऱ्या सर्व मनुष्यांत बलिष्ठ, अशी लोकांची समजूत. गोरी जात ही स्वभावतःच श्रेष्ठ आहे या सिद्धांतावर ज्यांची राज्ये, मळे आणि कारखाने उभे होते, त्यांना या एका खुर्चीवर काळा माणूस बसलेला परवडणारा नव्हता. प्रमेय इतके नाजूक होते की, ते हातमोजे घातलेल्या दोन मुठींच्या हवाली करण्याचे धैर्य कोणासही होईना!

१८९९ पासून विजेता असलेला जेम्स जेफ्रीज याने हाच शिरस्ता चालविला. विजेता होण्यापूर्वी तो काळ्या मल्लांशी लढला होता. थकलेल्या पीटर जॅक्सनलाही त्याने १८९८ साली हरविले होते. मुकुट डोक्यावर येताच रेषा ओढली गेली. लढण्याजोगा गोरा कोणी उरला नाही असे म्हणून १९०५ साली तो निवृत्त झाला आणि कॅलिफोर्नियात शेती करू लागला. त्या वेळी लढण्याजोगा काळा मनुष्य अगदी दारात उभा होता. टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन बंदरी, पूर्वी गुलाम असलेल्या आईबापांच्या पोटी १८७८ साली जन्मलेला जॅक जॉन्सन १९०३ पासून ‘काळ्यांचा विजेता’ म्हणून मिरवीत होता. काळ्यांसाठी निराळे अजिंक्यपद! आमच्याकडे निराळे पाणवठे असत, त्याच मासल्याची ही सोय.

जेफ्रीजच्या मागून ते पद टॉमी बर्न्स या कॅनडियनाकडे आले. जॉन्सन त्याच्या पाठोपाठ इंग्लंडात गेला, तेथून ऑस्ट्रेलियात गेला. सावकार ऋणकोच्या दारात धरणे धरून बसतो तसा तो बसला. अखेर ह्यू मॅकिन्टॉश नावाच्या सामने भरविणाऱ्याने बर्न्सपुढे ६,००० पौंड ठेविले. जॉन्सनच्या वाट्यास त्याचा लहानसा अंश आला, आणि तो त्याने निमूटपणे पत्करला. बर्न्सची मर्जी अशा रीतीने पैशाने वळली. वर्णरेषा ही तत्त्वाची गोष्ट आहे असे सांगणारे पुष्कळ होते. तिला भाव होता, हे त्या दिवशी कळले. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीच्या रशकटर्स बे येथे हा सामना झाला. पहिल्या फेरीपासून जॉन्सन बर्न्सला हसत, बोलत, चिडवीत ठोकीत होता. चौदाव्या फेरीत पोलीस मध्ये पडले. चलच्चित्रांचे यंत्र त्यापूर्वीच थांबविण्यात आले, कारण गोऱ्याचा शेवटचा पाडाव पडद्यावर कोणी पाहू नये. जॅक लंडन हा नामांकित कादंबरीकार बातमीदार म्हणून तेथे हजर होता. जॉन्सन निर्विवाद श्रेष्ठ ठरला हे त्याने प्रांजळपणे लिहिले, आणि त्याच लेखात जेफ्रीजने शेत सोडून यावे आणि जॉन्सनच्या तोंडावरचे हसू पुसून टाकावे, अशी हाक घातली. मजुरांच्या दुःखावर ज्याची लेखणी झिजली, त्यालाही या ठिकाणी रंगापलीकडे पाहता आले नाही, याचे आम्हांस नवल वाटते आणि नवल वाटतही नाही.

जेफ्रीज आला. सहा वर्षांत वाढलेले शंभरएक पौंड वजन त्याने उतरविले, आणि गोरा मनुष्य काळ्याहून श्रेष्ठ आहे हे दाखविण्यासाठीच आपण उतरत आहो असे जाहीर केले. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नराने बंदी केल्यामुळे सामना नेवाडा राज्यातील रेनो या गावी गेला. १,०१,००० डॉलरचे बक्षीस लावणारा टेक्स रिकार्ड स्वतःच पंच झाला. ४ जुलै १९१०, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. पंधराव्या फेरीत जेफ्रीज आयुष्यात प्रथमच खाली पडला, उठला, पुन्हा पडला, आणि त्याच्या पक्षाने हार मानली. म्हातारा सुलिव्हन तेथे एका वर्तमानपत्रातर्फे बसला होता. सामना एकतर्फी झाला आणि न्यायाने झाला, असा अभिप्राय त्याच्याही नावाने छापून आला. पण तारा पोहोचल्या त्या रात्री देशातील कित्येक शहरांतून गोऱ्या जमावांनी काळ्या वस्त्यांवर हल्ले केले. निदान दहा-अकरा माणसे प्राणास मुकली, आणि त्यांत काळेच अधिक होते. आपल्या मल्लाच्या विजयाचा आनंद रस्त्यात बोलून दाखविला, एवढ्या अपराधावर माणसे मारली गेली.

याच्या पुढचा भाग आमच्या वकील वाचकांनी लक्ष देऊन वाचावा. जोवर रेषा शाबूत होती तोवर कायदा झोपला होता. रेषा ओलांडली जाताच तो खडबडून उठला. प्रथम चित्रपट. रेनोच्या सामन्याचा चित्रपट गावोगाव बंद करण्यात आला आणि ३१ जुलै १९१२ रोजी अमेरिकेच्या काँग्रेसने मुष्टियुद्धाचे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास आणि परदेशांतून आणण्यास मनाई करणारा कायदा केला. भाषा सर्वसामान्य, रोख एका माणसावर. पण कायदा ही दुधारी वस्तू आहे. ५ एप्रिल १९१५ रोजी हवाना येथे जेस विलर्ड या धिप्पाड गोऱ्याने सव्विसाव्या फेरीत जॉन्सनला पाडले, आणि हा सोहळा पाहण्यास आतुर झालेल्या गोऱ्या अमेरिकेस कळले की, आपणच केलेल्या कायद्याने तो चित्रपट देशात येऊ शकत नाही! सुप्रीम कोर्टाने तो कायदा कायम केला. तेव्हा काही कल्पक मंडळींनी १९१६ साली न्यूयॉर्क राज्याच्या सरहद्दीवर तंबू ठोकून, मूळ फीत कॅनडाच्या जमिनीवर ठेवून, दिव्याच्या प्रकाशाने तिची छाया सरहद्दीच्या अलीकडे असलेल्या कोऱ्या फितीवर उतरवून घेतली. फीत आणली नाही, केवळ उजेड आणला, असे त्यांचे म्हणणे. न्यायाधीशांनी ते मानले नाही. हा मुद्दा लढविणाऱ्या वकिलाचे आम्हांस मनापासून कौतुक वाटते. तो कायदा १९४० पर्यंत चालू होता.

दुसरा कायदा याहून भयंकर. जून १९१० मध्ये काँग्रेसने स्त्रियांना कुंटणखान्यांसाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणाऱ्यांस शासन करण्याकरिता मान यांच्या नावाचा कायदा केला. उद्देश चांगला होता. शब्द ढिले होते. ‘किंवा अन्य अनैतिक हेतूसाठी’ अशी एक शेपटी त्यास जोडलेली होती. जॉन्सन गोऱ्या स्त्रियांशी उघडपणे राहत असे आणि त्याने गोऱ्या स्त्रियांशी विवाह केले. त्याच्या वागणुकीची तरफदारी आम्ही करीत नाही; तो उधळ्या होता, आणि घरात हातही उगारी. परंतु खटला त्यासाठी झालाच नाही. १९१२ च्या शरद ऋतूत एका तरुणीच्या आईच्या तक्रारीवरून त्यास पकडले. त्या तरुणीने त्याच्याविरुद्ध बोलण्याचे नाकारले आणि पुढे त्याच्याशीच लग्न केले. मग सरकारने बेल श्रायबर या त्याच्या जुन्या मैत्रिणीस शोधून काढले. ऑक्टोबर १९१० मध्ये पिट्सबर्गहून शिकागोस येण्यासाठी जॉन्सनने तिला भाड्याचे पैसे पाठविले, हा पुराव्याचा गाभा. सबंध गोऱ्या ज्यूरीने मे १९१३ मध्ये दोषी ठरविले. एक वर्ष एक दिवस कैद आणि १,००० डॉलर दंड झाला. त्याच सुमारास जॉर्जियाच्या एका प्रतिनिधीने काळ्या-गोऱ्यांच्या विवाहास राज्यघटनेनेच बंदी करावी, असा ठराव काँग्रेसपुढे मांडला होता. न्यायाने बोलावयाचे तर या कायद्याचा असाच सैल अर्थ पुढे गोऱ्या आरोपींसही लावण्यात आला, आणि १९१७ साली सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला. पण सैल शब्द प्रथम कोणाच्या गळ्यात आवळला गेला, हे विसरता येत नाही. जॉन्सन जामिनावर असता देशाबाहेर निसटला, सात वर्षांनी परत येऊन त्याने शिक्षा भोगली, आणि १९४६ साली मोटारीच्या अपघातात वारला. २४ मे २०१८ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्यास मरणोत्तर क्षमा केली. क्षमा या शब्दात अपराध गृहीत असतो. शिक्षा चुकीची होती असा निकाल कोणत्याही न्यायालयाने दिलेला नाही.

इंग्लंडात काय झाले तेही सांगावयास हवे, कारण त्यात आपला संबंध येतो. २ ऑक्टोबर १९११ रोजी लंडनच्या अर्ल्स कोर्टात जॉन्सन आणि बॉम्बार्डियर बिली वेल्स यांचा सामना व्हावयाचा होता. पाद्री एफ. बी. मायर यांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली आणि गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी सामना बेकायदेशीर ठरविला. गोऱ्या-गोऱ्यांच्या झुंजी लंडनात चालूच होत्या. फरक एवढाच की, काळा मनुष्य ब्रिटिश शिपायास मारताना दिसला तर साम्राज्यातील काळ्या प्रजेच्या मनावर त्याचा काय परिणाम होईल, ही धास्ती त्या वादात बोलून दाखविली जात होती. ती काळी प्रजा म्हणजे आपण! पुढे तेथील मुष्टियुद्ध मंडळाने ब्रिटिश अजिंक्यपदासाठी लढणाऱ्याचे आईबाप दोन्ही गोरे असले पाहिजेत असे नियमातच लिहून ठेविले. मँचेस्टरच्या लेन जॉन्सनने ब्रिटिश विजेत्या रोलंड टॉडला हरविले होते. पण बाप आफ्रिकेचा म्हणून अजिंक्यपदाची पायरी त्यास कधी चढू दिली नाही. नियम उठल्यावर जून १९४८ मध्ये डिक टर्पिन हा पहिला काळा ब्रिटिश विजेता झाला.

आणि चर्चिलसाहेबांवर शब्दांचा भडिमार करण्यापूर्वी आपल्या वाचकांनी एवढे आठवावे की, त्याच १९११ च्या उन्हाळ्यात आपला पाळवणकर बाळू इंग्लंडात शंभराहून अधिक गडी बाद करीत होता. आणि याच बाळूस पुण्याच्या हिंदू क्लबात मंडपाबाहेर निराळ्या भांड्यातून चहा दिला जात असे. हिंदू संघाचे नायकपद त्यास कधी मिळाले नाही. त्याविरुद्धही कोणत्या कोर्टात जाता आले असते?

जॉन्सनविषयी एक कडू गोष्ट राहिली. मुकुट हाती आल्यावर त्यानेही रेषा ओढली. सॅम लँगफर्ड, जो जेनेट, सॅम मॅकव्हे हे तिघे काळे मल्ल त्याच्या तोडीचे. विजेता होण्यापूर्वी तो या तिघांशीही लढला होता. विजेता झाल्यावर त्यांपैकी एकासही त्याने अजिंक्यपदासाठी संधी दिली नाही. अख्ख्या कारकिर्दीत एकदाच, डिसेंबर १९१३ मध्ये पॅरिसला, जिम जॉन्सन या दुय्यम काळ्या मुष्टियोद्ध्याशी तो लढला. दोन काळ्यांची झुंज पाहण्यास गोरा प्रेक्षक पैसे मोजीत नाही, हा त्याचा हिशेब; आणि हिशेब म्हणून तो खरा होता. त्याचे फळ त्या तिघांनी भोगले. ते आपसांतच, पुनःपुन्हा, वर्षानुवर्षे लढत राहिले. एप्रिल १९०९ मध्ये पॅरिसला जेनेट आणि मॅकव्हे यांची झुंज एकोणपन्नास फेऱ्या चालली. जेनेट सत्तावीस वेळा पडला, सत्तावीस वेळा उठला, आणि शेवटी मॅकव्हेच खुर्चीवरून उठू शकला नाही. ही झुंज अजिंक्यपदाची नव्हती. लँगफर्ड तर उंचीने जेमतेम साडेपाच फूट, कॅनडातील नोव्हा स्कोशियाचा. त्याला हेवीवेट, मिडलवेट सर्वच टाळीत. एका डोळ्याची दृष्टी गेल्यावरही तो पोटासाठी लढत राहिला आणि अखेर आंधळा झाला. १९४४ साली न्यूयॉर्कच्या एका बातमीदारास तो हार्लेममधील एका अंधाऱ्या खोलीत सापडला. लेख छापून आला तेव्हा वाचकांनी त्याच्यासाठी वर्गणी जमविली.

विलर्डकडून १९१९ साली अजिंक्यपद घेताच जॅक डेम्प्सीने काळ्यांशी लढणार नसल्याचे सांगितले. न्यू ऑर्लिन्सचा हॅरी विल्स हा त्याचा उघड प्रतिस्पर्धी होता. विल्सशी लढल्याखेरीज न्यूयॉर्कात परवाना नाही, अशी भूमिका तेथील नियामक मंडळाने घेतली. १९२५ साली करारावर सह्याही झाल्या. विल्सला ५०,००० डॉलर आगाऊ मिळाले, डेम्प्सीला ठरलेली रक्कम मिळाली नाही, आणि करार मोडला. डेम्प्सी १९२६ साली न्यूयॉर्क सोडून फिलाडेल्फियास जीन टनी या गोऱ्याशी लढला आणि हरला. विल्स ते पैसे राखून हार्लेममध्ये घरांचा मालक झाला. न लढण्याबद्दल एवढा मेहनताना मिळालेला हा एकच मल्ल आमच्या पाहण्यात आहे. त्याला विचारले असते तर त्याने पैसे परत देऊन रिंगण मागितले असते, असे आम्हांस वाटते.

जॉन्सनच्या पराभवापासून बावीस वर्षे कोणाही काळ्या मल्लास या पदासाठी लढू दिले नाही. अलाबामात जन्मलेल्या जो लुईसाठी दार उघडले ते कसे, तेही पाहावे. त्याच्या काळ्या व्यवस्थापकांनी त्यास घालून दिलेले नियम वर्तमानपत्रांतून मुद्दाम प्रसिद्ध केले: गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढू देऊ नये, पडलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे हसू नये, गर्व दाखवू नये. जॉन्सन ज्या गोष्टी करी त्यांची ही उलटी यादी होती. गोऱ्या विजेत्यास यांपैकी एकही अट कोणी घातली नव्हती. त्यावरही विजेता जेम्स ब्रॅडॉक याचा करार दुसऱ्याच सामन्यासाठी झालेला होता; तो सोडून लुईशी लढण्याबद्दल, लुईच्या पुढील सामन्यांतून सामने भरविणाऱ्यास जो नफा होईल त्याचा दहावा हिस्सा दहा वर्षे ब्रॅडॉकला द्यावा, असे ठरले. २२ जून १९३७ रोजी शिकागोत आठव्या फेरीत ब्रॅडॉक पडला. लुईने ते पद पुढे जवळजवळ बारा वर्षे राखले, आणि त्याच्या मुठीने मिळविलेल्या पैशातून ब्रॅडॉकचा हिस्सा जात राहिला.